घोडा त्याचा, हुकूम कंपनीचा



या अंकात आम्ही आपले लक्ष अशा एका विषयाकडे वेधू इच्छितो, जो रोज आपल्या दाराशी येतो, बेल वाजवतो आणि दोन मिनिटांत निघून जातो. मोबाइलवर मागवलेले जेवण घरपोच आणणाऱ्या मुलांचा हा विषय आहे. आपले वार्तापत्र राजकीय आहे, मग त्यात जेवणाच्या डब्यांची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण कष्टकऱ्याला कायद्याचे संरक्षण मिळावे की न मिळावे, याहून मोठा राजकीय प्रश्न कोणता?

संध्याकाळी सात ते रात्री अकरा या वेळेत लष्करच्या रस्त्यांवर नजर टाका. लाल किंवा नारिंगी टी-शर्ट, पाठीवर चौकोनी पेटी, हँडलला अडकवलेला मोबाइल. दाणाओळी, जिवाजीगंज, पाटणकर बाजार, चिटणीस की गोठ, महाडिक की गोठ, कुठेही जा, हे स्वार दिसतातच. आपल्या जुन्या गल्ल्या मोबाइलच्या नकाशाला नीट समजत नाहीत, म्हणून बिचारे दोन-दोनदा फोन करून घर विचारत फिरत असतात.

आपल्या समाजाचा या कामाशी दोन्ही बाजूंनी संबंध आहे. अनेक घरांत आई-वडील ग्वाल्हेरला आणि मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात आहेत. आईला बरे नसले की मुलगा तिकडे बसून इकडे जेवण मागवतो आणि अर्ध्या-पाऊण तासात गरम पोळी-भाजी दारात येते. ही सोय मोठी आहे, ती आम्ही नाकारत नाही. दुसरी बाजू अशी की पदवी हातात असूनही नोकरी नसलेली आपली मुलेही हे काम करीत आहेत. घरचे लोक मात्र विचारल्यावर "एका कंपनीत आहे" एवढेच सांगतात आणि विषय बदलतात. ज्या कामाचे नाव घ्यायला आपण संकोचतो, त्या कामाच्या हक्कांसाठी आपण भांडणार कसे?

शिलेदार की बारगीर?

आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर या मुलखात आले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेला पडला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर शहर झाले. मराठी फौजेत घोडेस्वार दोन प्रकारचे असत, हे आपल्या घरांत वेगळे सांगायला नको. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार आपला घोडा आणि आपले हत्यार घेऊन येई, म्हणून त्याला पगार अधिक असे आणि मानही अधिक असे. व्यवहार सरळ होता. ज्याचा घोडा त्याची जोखीम, आणि ज्याची जोखीम त्याचा मोबदला जास्त.

आता या मुलांचा हिशेब पाहा. मोटारसायकल त्याची, बहुधा हप्त्यावर घेतलेली. पेट्रोल त्याचे, टायर त्याचा, सर्व्हिसिंग त्याचे, मोबाइल आणि त्याचे रिचार्जही त्याचेच. दिवसाला शंभर किलोमीटर धरले आणि गाडीने लिटरला पन्नास किलोमीटर दिले, तरी दोन लिटर पेट्रोल लागते. आपल्या शहरात पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर आहे, म्हणजे घरातून निघतानाच दोनशे रुपयांहून अधिक खर्च ठरलेला. म्हणजे खर्चाच्या बाजूने तो शिलेदार.

हुकुमाच्या बाजूने मात्र तो बारगिराहूनही खाली आहे. कोणती ऑर्डर मिळणार, किती पैसे मिळणार, किती वेळात पोचायचे, हे सगळे कंपनीचे यंत्र ठरवते. हॉटेलात जेवण तयार व्हायला उशीर झाला तर उभे राहण्याचा मोबदला बहुधा मिळत नाही. ठरावीक संख्येच्या ऑर्डरी पूर्ण केल्या तरच जास्तीची प्रोत्साहन रक्कम मिळते. एक कमी पडली की ती गेली. गिऱ्हाइकाने रागाच्या भरात एक तारा दिला तरी त्याचा परिणाम पुढच्या कामावर होऊ शकतो. आणि तक्रार झाली की "आयडी बंद". सकाळी मोबाइल उघडावा आणि काम संपलेले असावे. कारण कोणाला विचारायचे? समोर माणूसच नसतो.

अशा माणसाला कंपन्यांनी नाव दिले आहे "डिलिव्हरी पार्टनर", म्हणजे भागीदार. भागीदाराला नफ्यात वाटा असतो, हिशेबाच्या वह्या पाहण्याचा अधिकार असतो. येथे वाटा आहे तो फक्त उन्हाचा आणि अपघाताचा. मे-जूनमध्ये आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, जानेवारीत पहाटे आणि रात्री धुक्यात दहा पावलांवरचे दिसत नाही. आपण जेवण मागवतो ते नेमके अशा वेळी, कारण आपल्याला स्वतःला बाहेर पडवत नाही.

हजेरीपटाची किंमत

ग्वाल्हेरला कामगार म्हणजे काय हे नव्याने शिकवायची गरज नाही. १९२१ मध्ये स्थापन झालेली जियाजीराव कॉटन मिल, म्हणजे आपली जे. सी. मिल, हिच्या भोंग्यावर बिर्लानगर आणि हजिरा भागाची घड्याळे चालत असत. काम कष्टाचेच होते. पण कामगाराचे नाव हजेरीपटावर होते. १९४८ च्या कायद्याने त्याला राज्य विम्याचा दवाखाना मिळाला, १९५२ च्या कायद्याने भविष्यनिर्वाह निधी मिळाला. त्याची युनियन होती आणि तक्रार घेऊन उभे राहायला मिलचे फाटक होते.

नव्वदीच्या दशकात मिल बंद पडली आणि थकबाकीसाठी कामगारांच्या पिढ्या झिजल्या, हे दुःख आपण जवळून पाहिले आहे. तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. इंदूरची हुकूमचंद मिल १९९२ मध्ये बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचा सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी सुपूर्द झाला. एकतीस वर्षे लागली, अनेक कामगार ते पाहायला राहिले नाहीत. पण एकतीस वर्षांनंतरही तो हक्क टिकला, कारण कागदावर लिहिलेले होते की हा माणूस येथे कामाला होता.

आज ज्याचा आयडी बंद झाला, त्याच्या हातात तसा कोणता कागद आहे? त्याने कोणत्या फाटकावर जाऊन उभे राहायचे?

"कोणी बळजबरी केली आहे का?"

हा विषय निघाला की बैठकीत दोन प्रश्न हमखास विचारले जातात. त्यांची उत्तरे देणे आम्ही आवश्यक समजतो.

पहिला प्रश्न असा की, कोणी बळजबरी केली आहे का? मुलगा आपल्या सवडीने काम करतो, हवे तेव्हा मोबाइल बंद करतो, कॉलेजचा खर्च काढतो. यात तथ्य आहे. फावल्या वेळात दोन तास काम करणाऱ्याला ही सवड खरोखरच उपयोगी पडते, आणि ओळखीशिवाय, चिठ्ठीशिवाय काम देणारी जागा आपल्या शहरात दुसरी कोणती आहे? पण जो या कामावर घर चालवतो, दहा-बारा तास रस्त्यावर असतो, त्याची सवड फक्त नावाची आहे. मोबाइल बंद केला तर चूल बंद. शिवाय सवड आणि संरक्षण यांचे वैर नाही. सवडीने काम करणाऱ्याचा पाय मोडला तर तोही तेवढाच मोडतो.

दुसरा प्रश्न खर्चाचा. या मुलांना विमा-निधी द्यायचा तर जेवण महाग होईल, असे म्हटले जाते. हिशेब करून पाहू. समजा राज्याने प्रत्येक ऑर्डरवर एक ते दोन टक्के कल्याण शुल्क लावले. तीनशे रुपयांच्या ऑर्डरवर ते तीन ते सहा रुपये होईल. यापेक्षा जास्त पैसे तर आपण चटणीच्या जादा वाटीला देतो.

आणि गोळा कसे करणार, हा प्रश्नच उरत नाही. १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरून मागवलेल्या हॉटेलच्या जेवणावरचा जीएसटी कंपनीच गोळा करून सरकारकडे भरते. प्रत्येक ऑर्डरचा कर पैशापर्यंत मोजला जातो. ज्या यंत्रातून कर कापता येतो, त्याच यंत्रातून त्या मुलाच्या नावाने निधी कापता येणार नाही काय?

वाट आपल्याच लोकांनी दाखवली आहे

या मुलांना एक ठरलेला मालक नाही, दिवसात दहा हॉटेलांचे आणि वीस घरांचे काम ते करतात, म्हणून त्यांना कामगार कायद्यात बसवणे अवघड आहे, असे सांगितले जाते. ही अडचण नवी नाही. महाराष्ट्राने ती पन्नास वर्षांहून आधी सोडवली आहे.

मुंबईच्या बाजारांत आणि गोद्यांत पाठीवर पोती वाहणारा माथाडी कामगारही असाच होता. आज या व्यापाऱ्याचे पोते, उद्या त्या व्यापाऱ्याचे. कोणीच म्हणत नसे की हा माझा नोकर. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना बांधली, लढे दिले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्यातली कल्पना साधी आहे. एक मंडळ असते. त्यात कामगार, मालक आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी बसतात. कामगाराची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याचीही नोंद मंडळाकडे. व्यापारी मजुरी मंडळात भरतो आणि वर ठरावीक आकार भरतो. त्या आकारातून भविष्यनिर्वाह निधी, औषधोपचार, रजा, बोनस यांची सोय होते. मालक शंभर असले तरी कामगाराचे खाते एकच राहते.

पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली आणि हमालांच्या हक्कांबरोबर त्यांच्या जेवणाचाही विचार करून "कष्टाची भाकर" हे केंद्र चालवले. ८ डिसेंबर २०२५ रोजी ते आपल्यातून गेले. पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाचा हिशेब ठेवला गेला पाहिजे, ही त्यांच्या कामाची शिकवण आहे.

जेवण पोचवण्याच्याच धंद्याचे उदाहरण हवे असेल तर मुंबईचे डबेवाले आहेत. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या कामात प्रत्येक डबेवाला आपल्या गटाचा खराखुरा भागीदार असतो, गटाच्या उत्पन्नाची वाटणी आपसांत होते. भागीदार हा शब्द तेथे शोभतो.

इतर राज्ये कोठे पोचली?

चंबळ ओलांडली की धोलपूर, म्हणजे राजस्थान. त्या राज्याने जुलै २०२३ मध्ये या कामगारांसाठी देशातला पहिला स्वतंत्र कायदा केला. नोंदणी, कल्याण मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क, म्हणजे माथाडी कायद्याचीच कल्पना नव्या धंद्याला लावली. त्याच वर्षाच्या शेवटी तेथे सरकार बदलले आणि अंमलबजावणी रेंगाळली. नुसता कायदा पुरत नाही, पाठपुरावा लागतो, हा धडा त्यातून घ्यावा. कर्नाटकाने २०२५ मध्ये आपला कायदा केला. त्यात एक ते पाच टक्के कल्याण शुल्काची तरतूद आहे आणि कारण लेखी दिल्याशिवाय, चौदा दिवसांची सूचना दिल्याशिवाय काम बंद करता येणार नाही, असेही कलम आहे.

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात अशा कामगारांची व्याख्या प्रथमच आली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम निधीत द्यावी, पण ती कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावी, अशी तरतूद आहे. डिसेंबर २०२५ अखेर प्रसिद्ध झालेल्या नियमांच्या मसुद्यात लाभासाठी वर्षात एका कंपनीत ९० दिवस किंवा अनेक कंपन्यांत मिळून १२० दिवस काम, अशी अट सुचवली होती. मात्र किमान वेतनाचा हक्क या मुलांना त्यातून मिळालेला नाही.

२५ आणि ३१ डिसेंबर २०२५ रोजी देशातील अनेक शहरांत या कामगारांनी संप केला. दहा मिनिटांत सामान पोचवण्याची घाई बंद करा, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्र्यांनी कंपन्यांशी बोलणे केले आणि दहा मिनिटांच्या जाहिराती मागे घेण्यास सुरुवात झाली. एकत्र येऊन बोलले की ऐकावे लागते.

आपल्या मध्य प्रदेशात स्वतंत्र कायदा नाही, पण एक सोय आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. १ मार्च २०२४ पासून राज्याच्या संबल योजनेत या कामगारांची नोंदणी खुली झाली. नोंद असलेल्या कामगाराचा अपघातात मृत्यू झाल्यास कुटुंबास ४ लाख रुपये, नैसर्गिक मृत्यू झाल्यास २ लाख, कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख आणि कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास १ लाख अशी मदत आहे. वय १८ ते ६० असावे, आयकर भरणारा नसावा आणि समग्र आयडी हवा. नोंद नसेल तर मात्र यातले काहीच नाही.

आमच्या सूचना

लेख लिहून आमचे कर्तव्य संपते असे आम्ही मानत नाही. पुढील गोष्टी समाजाने हाती घ्याव्यात.

१. मंडळाच्या सभागृहात महिन्यातून एक दिवस नोंदणी शिबिर घ्यावे. संबल योजना आणि केंद्राचे ई-श्रम पोर्टल, दोन्हींचे अर्ज भरून द्यावेत. आपल्याकडे निवृत्त बँक अधिकारी, शिक्षक, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले ज्येष्ठ पुष्कळ आहेत. त्यांच्या अनुभवाचा येथे उपयोग होईल. शिबिर सर्वांसाठी खुले असावे. मुलगा मराठी आहे की नाही, हे विचारू नये.

२. या मुलांना सांगावे की रोज किती तास, किती ऑर्डरी, किती पैसे याची नोंद ठेवा, मोबाइलवरच्या हिशेबाच्या प्रती जपा. उद्या दिवस मोजायची वेळ आली तर तोच हजेरीपट. गाडीचा विमा काढताना ती धंद्याला वापरली जाते हे सांगून विचारणा करावी, म्हणजे अपघातानंतर वाद नको.

३. ग्वाल्हेरच्या सर्व आमदारांना आणि खासदारांना समाजातर्फे निवेदन द्यावे. मागणी एकच असावी. मध्य प्रदेशाने या कामगारांसाठी स्वतःचा कायदा करावा, ज्यात त्रिपक्षीय मंडळ, प्रत्येक ऑर्डरमागे शुल्क आणि लेखी कारणाशिवाय आयडी बंद न करण्याची हमी असेल. आजवर या दिशेने वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी पावले टाकली आहेत, तेव्हा याला पक्षाचा रंग देण्याचे कारण नाही. जो उमेदवार मत मागायला आपल्या दारी येईल, त्याला हा प्रश्न विचारावा आणि उत्तर या वार्तापत्रात छापावे.

४. शेवटची सूचना प्रत्येक घरासाठी. पत्ता लिहिताना गोठीचे नाव, जवळची खूण आणि मजला स्पष्ट लिहावा. उन्हाळ्यात दारात पाण्याचा तांब्या तयार ठेवावा. उशीर झाला तर आधी कारण विचारावे, तारे नंतर द्यावेत. आणि "ए झोमॅटो", "ओ स्विगी" अशी हाक मारू नये. मोबाइलवर त्याचे नाव लिहिलेले असते. नावाने हाक मारावी, नाव दिसत नसेल तर भाऊ म्हणावे.

नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालात अशा कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज दिला आहे. म्हणजे हा थोड्या दिवसांचा जोडधंदा राहिलेला नाही. आपल्या नातवंडांपैकी कोणीतरी या गणतीत असणार. त्यांच्यासाठी हजेरीपट आज तयार व्हायला हवा.

शिबिरासाठी वेळ देऊ शकणाऱ्या ज्येष्ठांनी आणि हे काम करणाऱ्या मुलांच्या पालकांनी आपली नावे मंडळाच्या कार्यालयात द्यावीत, ही विनंती. नाव सांगताना संकोच करू नये. कष्टाचे काम आहे, चोरीचे नाही.